चहाच्या रंगाचं पाणी

तिबोटी खंड्या जेमतेम मुठीएवढा. केशरी-जांभळं अंग, लालभडक चोच आणि पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. जूनच्या पावसाबरोबर तो पनवेलच्या आसपासच्या ओढ्यांवर येतो आणि काठाच्या मातीत बीळ कोरून पिल्लं वाढवतो. त्याच्यापायी पावसाळ्यातले रविवार कर्नाळ्याला, नाहीतर माथेरानच्या पायथ्याच्या ओहोळांवर घालवणारे आम्ही काही जण आहोत. घरचे याला व्यसन म्हणतात. चुकीचं बोलत नाहीत.

ती सकाळ मालडुंग्याच्या पुढची. ओढ्यातल्या एका सपाट खडकावर मी पोटावर पडलेलो. समोर वाळक्या फांदीवर तो, चोचीत सापसुरळी. सहाशेची लेन्स डोळ्याला लावली की जगातले चारएक अंश तेवढे उरतात. बाकीचं जग चालूच असतं, आपल्याला न विचारता. पाऊस थांबला होता, म्हणजे माझ्या डोक्यावरचा थांबला होता. प्रबळगडाच्या अंगाला काळंकुट्ट झालं होतं म्हणे. ते दिसायला मान वळवायला हवी होती.

"ओ दादा, उठा! पाणी आलंय!"

बरोबर आलेले ठाकरवाडीतले काका काठावरून ओरडत होते. पहिल्या हाकेला मी चक्क हात हलवून त्यांना गप्प केलं. दुसऱ्या हाकेला चिडलो. तिसरी हाक आलीच नाही. ते स्वतः मांडीभर पाण्यात उतरले आणि त्यांनी माझ्या रेनकोटची कॉलर धरली. तेव्हा कळलं, माझी कोपरं पाण्यात आहेत. उठताना आधी लेन्स छातीशी धरली. चपला राहिल्या, त्या गाढी नदीला मिळाल्या असतील. काठावर येऊन वळून पाहिलं, तोवर खडक दिसेनासा होत आला होता. काका तंबाखू मळत बसले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२०२४ च्या जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून गेली, तेव्हा "काय ही रीलवाली पोरं" असं बोलणाऱ्यांत मीही होतो. आपण कसे, अभ्यासू! तिचा फोन आणि माझी लेन्स यात फरक किमतीचाच.

रात्री फोटो उघडले. ९ वाजून १२ मिनिटांचा: खंड्यामागचं पाणी काळसर हिरवं. ९:१९ला त्यात दुधाची झाक. ९:२६ला सरळ चहा. म्हणजे पाणी गढुळतंय हे कॅमेऱ्याने मिनिटामिनिटाला नोंदवून ठेवलं होतं, माझा डोळा त्याच भोकाला लावलेला असताना. आणखी एक. ९:२१ला पक्षी ती फांदी सोडून वीतभर वरच्या फांदीवर जाऊन बसलाय. त्या क्षणी मला काय वाटलं ते लख्ख आठवतं: वा, खालची पानं आड येत नाहीत आता!

शेवटचा फोटो मित्रांना फार आवडला. एकाने तर फोन करून विचारलं, "मागचा तो तपकिरी रंग काय सुरेख उतरलाय रे, कसा मिळवलास?"