काळी पाच

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझी सोयरीक दहावीच्या निकालाबरोबर तुटली आणि दोन्ही पक्षांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. त्यामुळे वार्षिकांकात मी कृष्णविवरावर लिहितो आहे हे पाहून आमच्या वर्गातली मंडळी हसणार, हे गृहीतच धरलं आहे. पण माझा इलाज नाही. आमची वाडी नारायणगावहून खोडदला जाताना लागते. बांधावर उभं राहिलं की तारेच्या जाळीच्या त्या अजस्र छत्र्या दिसतात. एकेक छत्री ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. काही खोडदला दाटीनं, बाकीच्या तीन फाट्यांनी पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. लहानपणी मला वाटे, त्या पाऊस मोजतात. अण्णा म्हणायचे, "न्हाई रं, ऐकत्यात त्या. नुसतं ऐकत्यात."

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. ऐकण्याबद्दल बोलायचा अधिकार त्यांना होता. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी पेटी वाजवणारा नव्हता. दर एकादशीला आमच्या ओसरीवर भजन बसे. मी आधी टाळ धरला, मग पखवाज. अण्णांचा सूर ठरलेला, काळी पाच. तो स्वर धरून ते डोळे मिटत आणि सगळी ओसरी गप्प होई.

पुढे वाटणी झाली. मोठं भांडण झालं नाही. आमच्याकडे वाटण्या रडतरडत होतात, ओरडत नाहीत. आम्ही रस्त्याकडेच्या नव्या घरात आलो. जुन्या घरापासून अंतर म्हणाल तर दोन वावरं. मंडळातले दोघे चाकणला कंपनीत लागले, एक वारला, मी पुण्याला वसतिगृहात. अण्णांनी पेटी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. लोक म्हणाले, म्हातारा रुसला. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होतो.

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदच्या प्रदर्शनात गेलो तो निव्वळ मित्राला सोबत म्हणून. तिथं एक संशोधक बाई शाळेच्या पोरांना समजावत होत्या. मागे उभा राहून मी ऐकू लागलो आणि तिथंच अडकलो.

त्यांनी सांगितलेलं मला उमगलं तसं सांगतो. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर असतं. पण ते असलं म्हणजे 'पेटलेलं' असतंच असं नाही. आपल्या आकाशगंगेतलं बहुतांशी निजलेलंच आहे. त्यात वायू पडू लागला की तो पडण्याआधी गरगर फिरतो, तापतो, झळाळतो. कधीकधी त्यातला काही भाग दोन विरुद्ध दिशांना झोतासारखा बाहेर फेकला जातो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. अशा केंद्राला 'सक्रिय' म्हणतात. म्हणजे प्रश्न नुसता विवराच्या भुकेचा नाही, ताटात काय पडतं याचा आहे. आणि ताट वाढणारा असतो शेजार.

दीर्घिका पुष्कळदा शेकड्यांनी, हजारांनी समूह करून राहतात. समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो, आणि त्याचं एकूण वजन सगळ्या ताऱ्यांच्या वजनाहून कितीतरी जास्त भरतं. बाहेरून एखादी दीर्घिका या गर्दीत शिरली की समोरून या वायूचा वारा लागतो आणि तिचा स्वतःचा वायू ओरबाडून मागे शेपटासारखा लोंबू लागतो. इंधन गेलं की हळूहळू सगळंच थंड. पण गंमत अशी की ओरबाडलं जात असतानाच थोडा वायू आत, केंद्राकडेही ढकलला जात असावा. २०१७ साली अशा शेपट्या लोंबणाऱ्या, जेलीमाशासारख्या दिसणाऱ्या सात दीर्घिका तपासल्या, तर त्यांतल्या सहांची केंद्रं सक्रिय निघाली. (वसतिगृहातलं पहिलं वर्ष मला इथं आठवलं. एवढा बडबड्या मी उभ्या जन्मात कधी नव्हतो. दुसऱ्या वर्षी गप्प झालो.)

समूहाच्या मधोमध बसलेल्या थोरल्या दीर्घिकेची तऱ्हा निराळी. भोवतालचा वायू निवत निवत तिच्याच पदरात पडतो. मग विवर पेटतं, झोत सुटतात, वायूत पोकळ्या पडतात, तो पुन्हा तापतो आणि निवायचा थांबतो. दूध उतू जाऊन चूल विझावी आणि निवल्यावर कुणीतरी ती पुन्हा पेटवावी, तसं. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर, असा एक दीर्घिकासमूह आहे. त्याच्या मधल्या विवरानं वायूत उठवलेल्या लाटा २००३ साली क्ष-किरणांच्या चित्रात दिसल्या. एक लाट गेल्यावर दुसरी यायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात! शास्त्रज्ञांनी तिचा स्वरही काढला. पेटीच्या मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली.

"कोणता स्वर?" मी न राहवून विचारलं. शाळेची पोरं मागे वळून बघू लागली.

"पाश्चात्त्य पद्धतीनं बी-फ्लॅट," बाई म्हणाल्या.

बी-फ्लॅट म्हणजे पेटीवरची काळी पाच. हे मला ठाऊक होतं. अण्णांनीच कधीतरी सांगितलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. योगायोग आहे, कळतं मला.

पण खरं मनात रुतलं ते त्यानंतरचं. भुजंगधारीतला एक समूह, ३९ कोटी प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या वायूत एक वाकडी कड दिसत होती, एखाद्या प्रचंड पोकळीची असावी तशी. २०१६ साली ती पाहणाऱ्यांनी विवराच्या झोताची शक्यता बाजूला ठेवली, कारण एवढी मोठी पोकळी पाडणारा उद्रेक त्यांना पटेना. मग ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ दुर्बिणीनं आणि आमच्या खोडदच्या छत्र्यांनी तिकडे कान दिला. ती पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली निघाली, कडेला कड जुळली. २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की हा तोवर माहीत असलेल्यांतला सर्वांत मोठा उद्रेक. त्या खड्ड्यात आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा एका ओळीत मावतील! उद्रेक म्हटलं तरी फटाका नव्हे, अतिशय सावकाश चाललेलं काम.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता बंद आहे. झोत दिसत नाहीत."

"विवर संपलं?"

त्या हसल्या. "विवर कुठं जाणार? तिथंच आहे. समूहातला वायू डचमळलाय. सर्वांत दाट आणि थंड वायू आज दीर्घिकेच्या मध्यावर नाही, जरा बाजूला सरकलाय. खाणं तोंडापासून दूर गेलं, एवढंच बहुधा."

"किती दूर?"

"साडेसहा हजार प्रकाशवर्षं. समूहाच्या मापानं म्हणाल तर काहीच नाही."

दोन वावरं, मी मनात म्हटलं.

मित्राला तिथंच सोडून मी चालत वाडीवर आलो. नव्या घराकडे न वळता जुन्या घरी गेलो. अण्णा ओसरीवर आडवे पडले होते. काही न बोलता शिडी लावली आणि पेटी खाली काढली. फडक्यावर बोटभर धूळ होती. भाता उघडताना कुरकुरला, एका बाजूनं वारा फुसफुसत होता. काळी पाच दाबली. आधी नुसता श्वास आला, मग स्वर, जरासा घोगरा.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"भाता फाटलाय," ते म्हणाले. "हळू वढ. अन् तुज्या बाला इचार, पखवाजाला कणीक हाये का घरात."