सात, अकरा, तेरा

मिग-२१चा पंख म्हणजे टोक छाटलेला त्रिकोण. त्याची पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली असते. ही कड आणि नाकाच्या भोकातून डोकावणारा शंकू, एवढं दिसलं की विमान दुरूनही ओळखू येतं. लेगोच्या ठोकळ्यांना ५७ अंश वगैरे काही कळत नाही. त्यांचा जीव काटकोनात. तिरक्या कडेच्या प्लेटी मिळतात, पण त्यांचे उतार ठरलेले: एकास एक, एकास दोन, एकास तीन. मिगला हवा तो साधारण तीनास दोन, म्हणजे तीन मागे जाताना दोन बाहेर. हा उतार डब्यात नसतो, तो घडवावा लागतो.

प्लास्टिकच्या किटमध्ये मिग-२१ हवं तेवढं मिळतं. जगात अकरा हजारांहून जास्त तयार झालेलं विमान ते! ठोकळ्यांचं तसं नाही. आधुनिक लढाऊ विमानं काढायची नाहीत, असं लेगो कंपनीचं जुनं धोरण आहे. पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल त्यांनी २०१२मध्ये काढलं आणि २०२३मध्ये कॉनकॉर्डही आलं, पण ऑस्प्रे या लष्करी विमानाचा संच २०२०मध्ये दुकानात येता येता मागे घेतला. त्यामुळे ज्याला मिग हवं त्यानं ते स्वतःच रचायचं. मला दुसरं कुठलं विमान हवंच नव्हतं. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४मध्ये उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि नाशिक पट्ट्यातल्या आमच्या पिढीनं आकाशात मान वर करून पाहिलेलं पहिलं विमान बहुतेकांचं हेच. भारतीय वायुदलात ते १९६३मध्ये चंदीगडला दाखल झालं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच निवृत्त झालं. मी बांधलं ते मिग-२१ एफएल, ओझरच्या पहिल्या दिवसांतलं, बिनरंगाच्या चकचकीत पत्र्याचं.

नवशिके आधी प्रमाण ठरवतात आणि मग ठोकळे शोधत बसतात. मला ते उलटं वाटतं. विमानाचा जो भाग सर्वांत हट्टी, त्याच्याकडून प्रमाण मागून घ्यावं. मिगचं धड जवळपास गोल नळी आहे, सव्वा मीटरच्या आतबाहेर जाडीची. ठोकळ्यावरचा गोल उंचवटा म्हणजे स्टड, आणि दोन स्टडांमधलं अंतर ८ मिलिमीटर. धड चार स्टड रुंद धरलं की ३२ मिलिमीटर होतात आणि प्रमाण आपोआप एकास चाळीसच्या आसपास येतं. चारच का? तीन स्टडांत गोलाई बसवायला जागा उरत नाही, आणि पाच घेतले तर विमान टेबलावर मावलं तरी खिशाला परवडत नाही. शिवाय चार स्टडांची रुंदी म्हणजे बरोबर दहा प्लेटींची उंची. एक प्लेट ३.२ मिलिमीटर, पाच प्लेटी म्हणजे १६, म्हणजेच दोन स्टड. आमचा सगळा धंदा या एका समीकरणावर चालतो. ते आहे म्हणून ठोकळे आडवे लावता येतात, स्टड बाजूला किंवा खाली वळवता येतात, आणि मधल्या चौकोनी गाभ्याला चारी बाजूंनी वक्र तुकडे चिकटवून गोल धड मिळतं. पूर्ण गोल नव्हे. पण हाताच्या अंतरावरून डोळा तेवढं मान्य करतो.

आता पंख. खऱ्या विमानाच्या दोन पंखटोकांमधलं अंतर ७.१५ मीटर. त्यातून धड वजा केलं की एकास चाळीसात एकेक पंख धडापासून नऊ स्टड बाहेर येतो आणि पुढची कड चौदा स्टड मागे जाते. तयार तिरक्या प्लेटी आलटून पालटून लावल्या, एकदा एकास एक, एकदा एकास दोन, तर सरासरी उतार बरोबर येतो, पण कड करवतीसारखी दिसते. आणि या विमानाची कड तर सुरीसारखी हवी. मग एकच सरळ पट्टी घ्यायची आणि ती तिरपी बसवायची. ती दोन ठिकाणी स्टडांवर पक्की बसली तरच टिकते. म्हणजे शाळेतला पायथागोरस आला: दोन्ही बाजू पूर्ण स्टडांत आणि कर्णही पूर्ण स्टडांत. तीन-चार-पाच सगळ्यांना पाठ असतं, पण त्यानं कड ५३ अंशांवर जाते आणि मिग जाडसर वाटायला लागतं. आठ-पंधरा-सतरा घेतलं तर ६२ अंश, म्हणजे बाणाचं टोकच.

सात, अकरा, तेरा हे त्रिकूट पुस्तकात सापडत नाही, कारण ते खरं नाही. साताचा वर्ग ४९, अकराचा १२१, बेरीज १७०. तेराचा वर्ग १६९. एकाची खोट. पण कर्णावर तिचा परिणाम स्टडाच्या पंचविसाव्या भागाइतका, ०.३ मिलिमीटर. एवढी ढील पट्टीच्या पकडीत सामावते, आणि कड येते साडेसत्तावन्न अंशांवर. इथे स्टड मोजायचे नसतात, त्यांच्यामधली अंतरं मोजायची. तेरा अंतरांसाठी चौदा स्टड लागतात. पट्टीखालचा थर पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्यायचा आणि फक्त दोन ठिकाणी एकेक स्टड पुढे ठेवायचा. त्या दोन स्टडांवर पट्टी दाबली की आधी किंचित नाराजी दाखवते, मग टक् आवाज करून बसते. नियमांचे पक्के लोक याला बेकायदा जोड म्हणतील. म्हणोत. खालून पाहिलं तर पायऱ्या दिसतातच, पण मिगचं पोट पाहायला कोण वाकतंय!

जाडीचं गणित मात्र आयतं जुळलं. मिगचा पंख कमालीचा पातळ, मुळाशी जाडी त्याच्या रुंदीच्या पाच टक्क्यांहूनही कमी. दोन प्लेटींचे ६.४ मिलिमीटर तिथे जवळजवळ बरोबर ठरतात. टोकाकडे तो आणखी पातळ होतो आणि एक प्लेटसुद्धा तिथे कित्येक पट जाड पडते. त्याला इलाज नाही. नाकावरच्या पिटो नळीचंही तेच: आमच्याकडचा सर्वांत साधा दांडा ३.२ मिलिमीटरचा, चाळीसपट केला तर पावणेतेरा सेंटीमीटरचा पाइप. तिथे मी अँटेनाचा बारीक तुकडा लावते. तोही जाडच, पण नजरेला खुपत नाही.

नाकाशी मला खरी निवड करावी लागली. एफएलच्या हवेच्या तोंडाचा व्यास ८७० मिलिमीटर, आधीच्या एफ-१३पेक्षा बराच मोठा, कारण मधल्या शंकूत रडार बसवायचं होतं. वेग वाढला की हा शंकू पुढे सरकतो आणि आघातलहर तोंडाशी योग्य जागी धरून ठेवतो. एकास चाळीसात हे तोंड पावणेबावीस मिलिमीटर. डब्यात २१ मिलिमीटरचं एक छोटं रबरी टायर आहे. मापाला जवळजवळ नेमकं, आणि बरेच जण तेच लावतात. पण चंदेरी नाकाला काळी रबरी ओठपट्टी लागली की विमान कायम आश्चर्यचकित झालेलं दिसतं. मी तीन स्टडांचं राखाडी कडं घेतलं: २४ मिलिमीटर, दहा टक्के मोठं. माप चुकलं, मुद्रा साधली. खोट राहणारच असेल तर ती कुठे राहू द्यायची हे बांधणाऱ्यानं ठरवावं, डब्यानं ठरवू नये. हे कडं धडाला जोडताना चारावरून तीनावर यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा स्टड आत. त्यासाठी मधोमध एकच स्टड असलेली जंपर प्लेट असते. ती नसती तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी हा नाद सोडला असता.

संगणकावर हे सगळं आधी रचून पाहता येतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमननं १९९५मध्ये एलड्रॉ लिहिलं. दोनच वर्षांनी तो गेला, पण त्याच्या फाइलची पद्धत आजही चालते. त्यात स्टड वीस एककांचा आणि प्लेट आठ एककांची, त्यामुळे पाच-दोनचं समीकरण आपसूक सुटतं. मात्र पडद्याला ढील कळत नाही. सात-अकरा-तेराला तिथे एक टोक तरंगतंच. वजनही कळत नाही. हातभर लांबीचं धड मधे उचललं की वाकतं, आणि माझ्या रचनेत सर्वांत कच्ची जागा पंखाच्या मागे होती, जिथे आतला गाभा इंजिनाच्या नळीसाठी पोकळ केला होता. शेवटी तिथे मी सरळ सांधाच ठेवला, म्हणजे शेपटीकडचा भाग ओढला की वेगळा होतो.

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका आमच्याकडे आले होते. त्यांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं (पोट पाहायला वाकणारे असतात तर!), आणि नेमका तोच सांधा ओढला.

“अहो ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय काका?”

“इथूनच तर शेपूट काढायचो आम्ही. इंजिन बदलायचं तर मागचं धड ट्रॉलीवर घेऊन असं मागे ओढायचं.”

मला ते वाचून माहीत होतं, पण सांधा त्यासाठी ठेवला नव्हता. मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, “कशासाठी का असेना, जागा बरोबर आहे. पाय मात्र उंच झालेत. आमचं विमान जमिनीला धरून उभं राहायचं.” चाकांचे पाय मी त्याच आठवड्यात एका प्लेटीनं उतरवले.

रंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. राखाडी घ्यायचा. एक गंमत तेवढी: कंपनीनं २००४च्या सुमारास राखाडी बदलला, जुना किंचित पिवळट, नवा निळसर. जुन्या खरेदीत दोन्ही मिसळून येतात आणि लोक वैतागतात. बिनरंगी पत्र्याच्या मिगवर मात्र प्रत्येक पत्र्याची छटा वेगळीच असायची, तेव्हा मी ते मुद्दाम मिसळते. वायुदलाचं चक्र दोन स्टडांच्या गोल टाइलवर छापून घेते. केशरी, पांढरं, हिरवं ठोकळ्यांत रचायचं तर चक्र पंखाएवढं होईल.

आता बायसन घेतलं आहे, चंदीगडहून शेवटी उडालं ते. पंख तोच, त्यामुळे सात-अकरा-तेरा तसंच राहील. पण त्याची पाठ जाड आहे, कॉकपिटच्या मागे इंधनाची टाकी बसवल्यामुळे फुगलेली. एफएलवर एका स्टडाच्या रुंदीत भागलं होतं, इथे दीड लागतो, आणि दीड स्टडाची वक्र पाठ राखाडीत मिळणाऱ्या तुकड्यांतून अजून जमलेली नाही. दोन स्टड केले तर विमान कुबड निघाल्यासारखं दिसतं, एक ठेवला तर ते एफएलच राहतं. सध्या वक्र तुकडे कुशीवर वळवून, मधे एक प्लेट घालून बघते आहे. एका स्टडावर एक प्लेट म्हणजे ११.२ मिलिमीटर. दीड स्टडाला १२ हवेत.