गळाचा ऋतु

गळ टाकून पाण्याच्या कांठीं बसलेल्या मनुष्याइतका उपहासास पात्र झालेला प्राणी जगांत विरळा. त्याला आळशी म्हणावें, तर तो पहाटे चारला उठून घराबाहेर पडलेला असतो. उद्योगी म्हणावें, तर सूर्य माथ्यावर येईपर्यंत त्यानें कांहीं केल्याचें दिसत नाहीं. बाजारांत पैसे टाकले कीं जो मासा पांच मिनिटांत पिशवींत येतो, त्याच्यासाठीं हा गृहस्थ पांच तास उन्हांत तापतो, आणि बहुधा रिकाम्या हातांनीं घरीं परततो. आम्ही या पंथांतले जुने वारकरी आहों, आणि हा उपहास इतकीं वर्षें ऐकत आलों आहों कीं, त्याला उत्तर देण्याची हौस आतां उरलेली नाहीं. परंतु या छंदाला अलीकडे जें नवें वैभव प्राप्त झालें आहे, त्याच्याविषयीं मात्र दोन शब्द लिहावेसे वाटतात.

वास्तविक छंद नवा नव्हे. इंग्रजांना आपल्या आयझॅक वॉल्टनचा मोठा अभिमान. त्याचा 'कंप्लीट अँगलर' हा ग्रंथ १६५३ सालीं प्रसिद्ध झाला. पण त्याच्याहि पांचशें वर्षें आधीं, इ. स. ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्यांपैकीं राजा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' रचिला, आणि राजानें करावयाच्या विनोदांत मल्लांच्या कुस्त्या व हत्तींचे खेळ यांच्या पंक्तीस 'मत्स्यविनोद' आणून बसविला. कोणता मासा काय खातो, त्याला कोणतें आमिष लावावें, काठी कशी असावी, दोरी कशी असावी, याचा विचार या राजानें राज्यकारभाराइतक्याच गांभीर्यानें केला आहे. ज्या ग्रंथांत मराठी भाषेचे जुने नमुने सांपडतात, त्याच ग्रंथांत गळाचें शास्त्रहि सांपडावें, हा योग आम्हांस फार गोड वाटतो. तेव्हां कोणी आम्हांस रिकामटेकडे म्हणणारच असेल, तर निदान राजमान्य रिकामटेकडे म्हणावें, एवढीच विनंति आहे.

आतां त्या नव्या वैभवाकडे वळूं. कोंकणांत या उद्योगाला 'गरवणें' म्हणतात, आणि गळाला 'गरी'. पूर्वीं बांबूची काठी किंवा नुसती हातांतली दोरी, शिशाचा एक तुकडा, आणि आमिषाला कोळंबी, एवढ्यावर गरवणाऱ्याचा संसार भागत असे. आतां कार्बनच्या धाग्यांची पिसासारखी हलकी काठी आहे, दोरा गुंडाळणारी चकरी आहे, पाण्यांत खऱ्या माशासारखा लचकत जाणारा खोटा मासा आहे. हौशी मंडळी दूरच्या शहरांतून मालवणास, रत्नागिरीस येतात, भाड्याची होडी करून खडकांपर्यंत जातात, आणि सांपडलेला मासा दोन्ही हातांत धरून छायाचित्र काढून घेतात. या हौसेला आमची हरकत नाहीं. काठी हलकी झाली, हें आमच्या खांद्यांनाहि मान्य आहे. आमची तक्रार एवढीच कीं, हीं साधनें विकणारा दुकानदार काठीबरोबर पंचांग विकत नाहीं.

कारण हा खेळ साधनांचा नसून वेळेचा आहे. देवबागेस, जेथें कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथें एका वृद्ध गाबीत गृहस्थानें आमचीं आयुधें न्याहाळून एकच वाक्य उच्चारलें होतें : "मासो गरयेक लागणा नाय, येळेक लागता." या वाक्यावर भाष्य करावयाचें तर एक ग्रंथ होईल. भरतीची वेळ काढण्याची कोंकणांतली रीति साधी आहे : तिथीचा अंक पाऊणपट करावा. चतुर्थीला तीन वाजतां पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजतां. आणि त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. सूक्ष्म गणित करणाऱ्याला यांत थोडा फरक आढळेल, पण काठी घेऊन निघणाऱ्याला एवढें पुरें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें. तेव्हां मुंबईस पाणी पांच मीटरांच्या जवळपास चढतें. गोव्याकडे तें सुमारें निम्म्यावरच थांबतें. उधाणाचा ओघ शिशासकट गळ ओढून नेतो आणि पाणी गढूळ करतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हां पाणी नितळ, पण इतकें सुस्त कीं मासाहि सुस्तावतो. शहाणा गरवणारा या दोहोंच्या मधले दिवस निवडतो, आणि त्या दिवसांतहि पाणी फिरण्याच्या आधींची व नंतरची घटका. चोवीस तासांत अशा चारदोन घटकाच खऱ्या. बाकीचा वेळ त्यांच्या प्रतीक्षेंत घालवावयाचा असतो. लोक ज्याला आमचा आळस म्हणतात, तो हाच.

तिथीच्याहि वर ऋतूचें राज्य. दसऱ्याच्या सुमारास पावसाचें गढूळ पाणी ओसरूं लागतें, खाडींत खारेपणा परत येतो, आणि बांगड्यांचे थवे किनाऱ्याजवळ दिसूं लागतात. मात्र या दिवसांत गोव्याच्या बाजूस समुद्राचा तळ फसवा असतो. पावसाळ्यांत खोलांतलें थंड आणि प्राणवायु कमी असलेलें पाणी वर सरकून किनाऱ्याजवळच्या तळावर पसरतें, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेथला प्राणवायु कित्येकदां जवळ जवळ संपलेला असतो. वर बांगडा उड्या मारीत असतां तळाशीं टाकलेला गळ तासन्‌तास निश्चल राहिला, तर लगेच नशिबाला दोष देऊं नये. कार्तिक ते माघ हा आमच्या छंदाचा वसंत. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहत असतो, पाणी आरशासारखें असतें. खडकांच्या आसऱ्याला तांबोशी आणि हेकरू, खाडीच्या मुखाशीं रावस, जरा खोल पाण्यांत सुरमई, आणि वाळूच्या कांठाला मुडदुशी. ही मुडदुशी वीतभरच खरी, पण चवीच्या बाबतींत सुरमईनें तिच्यापुढें मान खालीं घालावी. फाल्गुनानंतर ऊन चढतें. मे महिन्यांत किनाऱ्याजवळच्या पाण्याचें उष्णतामान ३० अंशांच्या घरांत जातें. दुपारीं पश्चिमेचा वारा लाटा उठवितो, आणि काय तें गरवणें पहाटे नाहीं तर संध्याकाळीं उरकावें लागतें. मग ज्येष्ठ येतो, पहिला पाऊस येतो, आणि येथेंच आमचा मुख्य मुद्दाहि येतो.

पहिल्या पावसाबरोबर खाडींत एक थोर रहिवासी हलूं लागतो. रायगडांत त्याला जिताडा म्हणतात, मालवण-गोव्याकडे चोणक, बंगाल्यांत भेटकी, आणि ऑस्ट्रेलियांत बारामुंडी. गरवणाऱ्यांच्या जगांत याच्याएवढा मानकरी क्वचितच दुसरा असेल. कांदळवनाच्या मुळांआड तो दबा धरून बसतो. खाजणाच्या उघाडींतून ओहोटीबरोबर लहान मासळी आणि कोळंबी बाहेर पडूं लागली कीं झडप घालतो. आणि गळ लागतांच पाण्याबाहेर उसळी घेऊन मस्तक असें झाडतो कीं, भल्याभल्यांचे दोरे तुटतात. अलिबाग-पेणकडचे शेतकरी पावसाळ्यांत खाडींतून आलेलीं त्याचीं पिलें घराजवळच्या तळ्यांत वाढवितात, आणि पोसलेला जिताडा जिव्हाळ्याच्या माणसाला भेट म्हणून धाडतात.

या माशाच्या चरित्रांत एक विलक्षण गोष्ट आहे. जिताडा वयांत येतो तेव्हां बहुधा नर असतो. कांहीं वर्षांनीं, अंगानें पुरता भरल्यावर, तो मादी होतो. हेकरूचें नेमकें उलट : तो आधीं मादी, मग नर. याचा अर्थ असा कीं, ज्या अजस्र जिताड्याला उचलून धरून गरवणारा छायाचित्रांत हंसत असतो, ती बहुतेक वेळां माता असते. आणि पावसाळ्यांत ती खाडीच्या मुखाकडे निघते, ती अंडीं घालण्यासाठीं. कारण गोड्या पाण्यांत सुखानें राहूं शकणाऱ्या या माशालाहि प्रसूतीला खारें पाणीच लागतें. तिच्या पोटांतलीं अंडीं लाखांनीं मोजावयाचीं असतात. आकाराचा मान आणि मातृत्वाचा काळ हे एकाच देहांत एकत्र येतात, आणि आमचा गळ नेमका तेथेंच टपलेला असतो.

कायदा याविषयीं काय म्हणतो ? आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बिनयंत्राच्या होडीला व कांठावरच्या काठीला ती लागू नाहीं. गरीब मच्छिमाराच्या चुलीकडे पाहून ठेवलेली ही सवलत योग्यच आहे. पण तिच्या आडोशाला हौशी गरवणारा येऊन उभा राहतो, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे तेथील विणीच्या दिवसांत, बारामुंडी धरण्यास हौशी मनुष्यालाहि मनाई असते. एरवींहि तेथें सामान्यतः ५८ सेंटिमीटरांहून लहान मासा तर सोडावा लागतोच, पण १२० सेंटिमीटरांहून मोठाहि सोडावा लागतो. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांसाठीं किमान आकार ठरवून दिला, हें उत्तम झालें. लहानांना अभय मिळालें. थोरांना अभय देण्याची कल्पना मात्र आपल्या मनांत अजून रुजावयाची आहे.

यावर आमचे एक मित्र म्हणतात, "अहो, जाळ्यांनीं सारा समुद्र खरवडून निघत असतां तुमच्या एका गळाचा हिशेब कशाला मांडतां ?" युक्तिवाद पोकळ नाहीं. विजेच्या प्रखर दिव्यांनीं मासे गोळा करून धरण्यास केंद्र सरकारनें २०१७ सालीं बंदी केली, तरी लहान मच्छिमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहींत. त्या पर्वतापुढें आमची राई ती काय ? परंतु ज्याला पोटासाठीं मासा मारावा लागतो, त्याच्यापाशीं पोटाचें कारण आहे. आमच्यापाशीं नुसती हौस आहे, आणि म्हणूनच तिला नियम अधिक हवा. वारकऱ्याला एकादशी कोणी कायद्यानें लावून दिलेली नाहीं.

दुसरे मित्र म्हणतात, "धरावा आणि सोडून द्यावा." उत्तम, पण सोडणें म्हणजे पाण्यांत फेकणें नव्हे. खोलांतून झपाट्यानें वर ओढलेल्या तांबोशीच्या पोटांतली हवेची पिशवी फुगते, आणि सोडल्यावरहि तिला खालीं जातां येत नाहीं. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. तशा पाण्यांत अर्धा तास झुंजविलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसला, तरी तो वांचेलच असें नाहीं. कोरड्या हातांनीं धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तोच तर त्याचें कवच. ज्याला सोडावयाचेंच आहे, त्यानें दोरा बळकट घ्यावा, झुंज थोडक्यांत आटपावी, हात ओले करावे, आणि छायाचित्राचा मोह मासा पाण्यांत असतांनाच पुरवून घ्यावा. पहिल्या पावसानंतर तर हेंहि नको.

आमचा नियम साधा आहे. पहिल्या पावसापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही काठी उचलीत नाहीं. समुद्राला नारळ वाहिल्यावांचून त्याच्याकडे कांहीं मागूं नये, हा कोळ्यांचा संकेत कोणत्याहि सरकारी हुकुमाहून जुना आहे, आणि आम्हांस तो पुरेसा वाटतो. त्या दिवसांत गऱ्यांना तेल लावावें, जुना दोरा तपासावा, पंचांग चाळावें. गरवणाऱ्याचें सारें शास्त्र प्रतीक्षेचें आहे; पाणी फिरण्याची वाट पाहण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला मासा विऊन मोकळा होईपर्यंत थांबणें जड वाटूं नये. काठी कोपऱ्यांत उभी असतां, गढूळ पाण्याखालून एक मोठी मादी समुद्राकडे निघालेली आहे, एवढें ठाऊक असणें हाहि एक मत्स्यविनोदच होय; आणि सोमेश्वर राजानें त्याला आपल्या ग्रंथांत जागा देण्यास हरकत घेतली नसती, असें आम्हांस वाटतें.