शिऊरच्या बहिणाबाईंची कैफियत

बहिणाबाई म्हटले की हल्ली खानदेशची कवयित्रीच प्रथम आठवते, आणि सतराव्या शतकातील बहिणाबाईंना आपली ओळख शिऊर गावाच्या नावाने पटवून द्यावी लागते. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगावी कुळकर्ण्यांच्या घरी जन्म, कळत्या वयापूर्वीच तिशीतल्या बिजवराशी लग्न, आणि भाऊबंदकीपायी घरदार सोडून परागंदा झालेले कुटुंब. एवढी पूर्वपीठिका पुरे.

आत्मनिवेदनाच्या अभंगांत कोल्हापूरचा प्रसंग येतो, तेथे माझे वाचन दर वेळी अडखळते. दानात मिळालेल्या कपिला गाईचे वासरू या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला इतके लळते की ती कीर्तनाला निघाली तरी ते मागोमाग येते; कीर्तनकार जयरामस्वामी कौतुकाने दोघांच्याही मस्तकावर हात ठेवतात; गावात चर्चा होते, आणि लौकिकाला जपणारा वैदिक पती तिची वेणी धरून तिला मारतो, बांधून घालतो. गाय-वासरू चारा सोडतात. पुढे वासरू मरते, आणि त्या शोकाच्या मूर्च्छेत तिला तुकोबांचा अनुग्रह होतो.

हे सारे त्यांनी कोणाचाही मुलाहिजा न ठेवता, दप्तरी नोंद करावी तसे सांगितले आहे. आणि याच बाई पुढे पतिव्रताधर्माचे अभंग रचतात, पतिसेवेतच परमार्थ पाहतात! तरुणपणी मला याचा संताप येई. इतकी स्वच्छ कैफियत देणाऱ्या स्त्रीने फिर्याद का करू नये?

आता वाटते, त्यांच्या वतीने फिर्याद गुदरण्याची घाई आमचीच. ब्राह्मण्य जन्माने नव्हे, ब्रह्मज्ञानाने ठरते असे सांगणारे त्यांचे वज्रसूची या संस्कृत ग्रंथावरील अभंग आम्ही हौसेने पुढे करतो, आणि पतिव्रतेचे मुकाट्याने गाळतो. ब्राह्मण स्त्रीने तुकोबांसारखा शूद्र गुरू करावा, यात त्यांना धर्माचा भंग दिसला नाही, पूर्तताच दिसली. आणि ज्या धर्माने पतीला देव ठरविले, त्याच धर्मावर पाय रोवून त्या पतीच्या क्रोधासमोर विठ्ठलाचे नाव घेत राहिल्या. सनातनी मन भित्रेच असते, हा सुधारकी समज मला येथे सोडावा लागला.

पतीला आजारपणात उपरती झाली, आणि कुटुंब तुकोबांच्या देहूस गेले. १७०० मध्ये शिऊरला देह ठेवण्यापूर्वी बहिणाबाईंनी पुत्र विठोबाला आपले मागील बारा जन्म सांगितले. वाचकांनी त्यांच्या अभंगांची गाथा अवश्य उघडावी; मात्र पतिव्रतेचे अभंग वगळून नव्हे.