दोन प्रतींमधला वाघ

परंड्यात पाठचिकित्सा शिकवताना उदाहरणासाठी फार दूर जावे लागत नाही. तालुक्यातल्याच डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी दासबोध छापताना तिचाच आधार घेतला. एक प्रत दुसरीशेजारी ठेवून ताडल्याखेरीज संहितेची ओळख पटत नाही, एवढेच मुलांना सांगायचे असते. या साध्या सूत्राला २०२४ च्या डिसेंबरात एक अनपेक्षित उदाहरण मिळाले.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्याने वाघ टिपला. उघड्याबोडक्या माळांच्या या मुलखात वाघ, यावर प्रथम कुणाचा विश्वास बसेना. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. येथले छायाचित्र जुन्या संग्रहाशी ताडले गेले आणि हा नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचे निष्पन्न झाले. वयात आलेले नर स्वतःच्या हद्दीच्या शोधात बाहेर पडतात. हा सुमारे ५०० किलोमीटर आला होता. टिपेश्वरची छायाचित्रे टिपेश्वरच्याच कपाटात राहिली असती, तर येडशीचा वाघ निनावी राहिला असता.

टिपेश्वरहूनच २०१९ मध्ये निघालेल्या दुसऱ्या एका वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्यामुळे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंतची त्याची सारी भटकंती नकाशावर उमटली. याच्या गळ्यात तसे काहीच नव्हते. त्याच्या प्रवासाचे पहिले पान आणि शेवटचे पान तेवढे हाती आले. मधली पाने गहाळ. ती कदाचित तूर, ज्वारी आणि उसाच्या फडांतून, एखाद्या गुराख्याने ओल्या मातीत पाहिलेल्या पंज्यात असतील. त्या पाहण्याची नोंद कोणत्या वहीत होते?

हे सारे मी वर्गात काहीशा उत्साहाने सांगत होतो. तेव्हा बार्शीकडच्या एका गावाहून येणारी विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, वाघ कुठनं आला ते कळलं. पण आज रात्री तो कुठंय, हे आमच्या अण्णांना कोण सांगणार? वीज रात्रीची असते, दारं धरायला जावंच लागतं."

मी तिला सांगितले, की वाघाचा नेमका ठिकाणा जाहीर केला तर तो शिकाऱ्यापर्यंतही पोचतो. माहिती वाटून घेण्यालाही मर्यादा हवी. हे खरे आहे. पण "आज या शिवारात रात्री जाऊ नका" एवढा निरोप देण्यासाठी वाघाचा ठिकाणा उघड करावा लागत नाही. शिवाय निरोप मिळणाऱ्या माणसालाच आपण पाहिलेला पंजा कळवावासा वाटेल. ज्याला काहीच कळत नाही, तो भीतीपोटी गप्प बसेल किंवा विष पेरील. गहाळ पाने मिळण्याची वाट तिच्या अण्णांच्या बांधावरूनच जाते.

त्या दिवशी पाठचिकित्सेचा तास अर्धाच झाला. दोन प्रती ताडण्याची रीत मला ठाऊक होती. ती संहिता कुणासाठी सिद्ध करायची, हे त्या मुलीने विचारले.