समुद्राच्या दोन वाटा

महाडहून बिरवाडी मागं टाकून शिवथरच्या रस्त्याला लागलं की डोंगर दोन्ही अंगांनी सरकत जवळ येतात आणि समोर वरंध घाटाची भिंत उभी राहते. आंबे शिवथर, कुंभे शिवथर, कसबे शिवथर अशी एकाच नावाची गावं या खोऱ्यात विखुरलेली आहेत. इथून समुद्र दिसत नाही. गाज ऐकू येत नाही, पायाला वाळू लागत नाही, बाजारातली सुरमई बर्फाच्या पेटीतून आलेली असते. हरिहरेश्वरचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साठेक किलोमीटर दूर. तरीही या खोऱ्यातलं पान न् पान समुद्राच्या मर्जीनं हलतं, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं आहे. इथं समुद्र येतो आणि दोन वाटांनी येतो. एक वाट आभाळातली. दुसरी जमिनीवरची, सावित्रीच्या खाडीतून वर चढणारी.

आधी आभाळातल्या वाटेचं.

कोकणच्या किनाऱ्यालगतचं पाणी वर्षातून दोनदा तापतं आणि दोनदा निवतं. जानेवारी-फेब्रुवारीत ते २५ अंशांच्या आसपास असतं. तेव्हा श्रीवर्धनच्या समुद्रात सकाळी उतरणाऱ्याच्या अंगावर पहिल्या लाटेला शहारा येतो आणि तिसऱ्या लाटेला जातो. होळीनंतर पाणी तापत जातं आणि मेमध्ये ३० अंशांच्या घरात पोहोचतं. मग पावसाळ्याचा वारा सुटतो, समुद्र तळापासून ढवळतो, ढग ऊन अडवतात, वाफ होऊन जाणारं पाणी मागं राहिलेल्याची उष्णता घेऊन जातं आणि ऑगस्टपर्यंत पाणी अंश-दोन अंशांनी उतरतं. पाऊस परतला की ऑक्टोबरच्या उन्हात ते पुन्हा चढतं. भूमध्य समुद्राचा आलेख याहून साधा: फ्रान्समधल्या नीसच्या किनाऱ्याला फेब्रुवारीत १३ अंश, ऑगस्टमध्ये २५ अंश, एकच चढ आणि एकच उतार. तिथला उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणून ऊन आणि कोमट पाणी एकाच वेळी हाताशी येतं आणि माणसं सुट्टी घेऊन किनाऱ्याकडे धावतात. आपल्याकडे समुद्र सर्वांत उबदार होतो आणि लगेच दार लावून घेतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. कोमट झालेलं ते पाणी मग स्वतःच उठून आपल्याकडे येतं.

त्याआधीचा उन्हाळा मात्र सोसावा लागतो. रायगड जिल्ह्याचा आतला भाग मार्चमध्ये जसा भाजतो तसा भर मेमध्येही भाजत नाही, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला २०१७ च्या मार्चअखेरीस ४६.५ अंशांची नोंद झाली होती. कारण वाऱ्यात आहे. मार्चमध्ये पूर्वेचा वारा घाटमाथ्यावरून खाली उतरतो, उतरताना दाबला जाऊन आणखी तापतो आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत अडवून धरतो. समुद्र आडवळणी खोऱ्यांपर्यंत पोहोचायला उशीर करतो, एवढाच त्या भट्टीचा अर्थ. एप्रिल-मेमध्ये खारा वारा लवकर सुटू लागतो, पारा थोडा उतरतो, पण अंगाला घाम चिकटून राहतो. डोंगरउतारावर तोवर राब भाजून झालेले असतात, करवंदं काळी पडलेली असतात, शिवथरच्या नदीत नुसते दगड उरलेले असतात. शिवथरच्या घळीवरून, म्हणजे डोंगरातल्या गुहेवरून, पडणारा धबधबा तेव्हा बारीक धारेवर आलेला असतो आणि मुंबई-पुण्याहून आलेले काही जण तो पाहून हिरमुसतात. मला मात्र ती धार फार पाहावीशी वाटते. सारं पाणी तेव्हा साठ किलोमीटर पश्चिमेला आहे आणि तापतं आहे.

मृग लागतो आणि ते यायला निघतं. आफ्रिकेच्या किनाऱ्याला वळसा घालून जोराचा वारा अरबी समुद्र ओलांडतो, वाटेत वाफ गोळा करत येतो आणि सह्याद्रीला थडकतो. डोंगर त्याला बाजूला होऊ देत नाही. तो वर चढतो, निवतो आणि हातातलं सगळं सोडून देतो. शिवथरचं खोरं नेमकं या भिंतीच्या पायथ्याशी आहे. आर्द्रेनंतर इथं दिवस आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, असं जुनी माणसं सांगतात. तरण्यात लावणीची घाई असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या पाठीवर पूर्वी इरली असत, आता प्लास्टिकची खोळ असते. वरच्या उतारांवर नाचणी आणि वरी, खाली खाचरांत भात. भाताच्या रोपाला लागणारा थेंब न् थेंब समुद्रातून आलेला, मीठ मात्र तिथंच ठेवून आलेला. मला हे या जगातलं सर्वांत मोठं औदार्य वाटतं.

आणि घळ. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला तो इथं, कल्याण स्वामींनी लिहून घेतला तो इथं, असं परंपरा मानते. पुढं ही जागा विस्मरणात गेली आणि धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती पुन्हा शोधून काढली. जुलैमध्ये घळीत उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं बोलणं कानाजवळ तोंड नेल्याशिवाय पोहोचत नाही, एवढा धबधब्याचा आवाज असतो. अशा जागी वीस दशकांचा, दोनशे समासांचा ग्रंथ कसा सांगितला आणि कसा ऐकला, हा विचार आला की पावसाळ्यात काम थांबलं असेल का, असं मनात येतं. मग आठवतो सोळावा दशक. त्यात सूर्याचं स्तवन आहे, मग पृथ्वीचं, मग पाण्याचं निरूपण, मग अग्नीचं, मग वायूचं. सूर्य, जमीन, पाणी, उष्णता, वारा: पावसाळा समजून घ्यायला आजचा हवामानशास्त्रज्ञ याच पाचांपासून सुरुवात करतो. या खोऱ्यात चार महिने काढलेल्या माणसाला हे पाच वेगवेगळे दिसलेच नसतील, ते एकमेकांत शिरताना दिसले असतील. समर्थांनी हा दशक इथल्या पावसाकडे पाहून रचला असं म्हणायला आधार नाही. पण तो इथं बसून वाचावा. अक्षरं ओली होतात.

पर्यटक येतात ते याच दिवसांत. पुण्याकडून भोरमार्गे वरंध घाट उतरून येतात, वाघजाईच्या देवळाजवळ भजी खातात, अर्थात घाट बंद नसेल तर. पावसाळ्यात तो पुष्कळदा बंद असतो. मुंबईकडून येणारे महाडवरून येतात. त्यांना धबधब्याखाली भिजायचं असतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. भूमध्य समुद्राच्या काठी जाणारा पाहुणा आधी पाण्याचं तापमान पाहतो आणि मग तिकीट काढतो. आपला पाहुणाही समुद्रातच न्हायला आलेला आहे, फक्त तो समुद्र डोंगरावरून पडतो आहे. तोही समुद्राचं तापमान पाहून आला असता, तर फार बरं झालं असतं. आणि आणखी एक गोष्ट पाहून आला असता तर: भरतीची वेळ.

ही दुसरी वाट. शिवथरची नदी काळ नदीला मिळते, काळ सावित्रीला. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि दासगाव, आंबेत करत बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामधून समुद्रात जाते. महाड एके काळी बंदर होतं, गलबतं भरतीच्या पाण्यावर वर येत. भरती आजही येते. भूमध्य समुद्राला भरती अशी जवळजवळ नसतेच, बहुतेक किनाऱ्यांवर हातभर चढली तर चढली. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढतं आणि खाडीतून थेट आत घुसतं. वरून डोंगराचं पाणी उतरत असतं, खालून समुद्राचं चढत असतं. दोन्ही एकाच समुद्राची लेकरं. महाडच्या आसपास त्यांची गाठ पडते आणि उतरणाऱ्या पाण्याला जायला जागा राहत नाही. बाजारपेठेतल्या दुकानांच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणा अजून दिसतात.

२००५ च्या जुलैत २५-२६ तारखांना दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं डोंगर खाली आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याच्यावरून जाणाऱ्या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीनं नेली. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, घरोघर दिवे पुजलेले. हरवलेली माणसं पुढे खाडीत आणि काही थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडली. २२ जुलै २०२१ ला, गुरुपौर्णिमेच्या तोंडावर, शिवथरपासून फार दूर नसलेल्या तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. वर महाबळेश्वरला त्या एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता आणि खाली महाड पाण्यात होतं. या तारखा पंचांगात लावून पाहिल्या तर पहिली आणि तिसरी पुष्य नक्षत्रात येते, मधली पुष्य संपून आश्लेषा लागण्याच्या उंबरठ्यावर. म्हातारा पाऊस थकलेला, संथ आणि दिवसचे दिवस पडणारा, अशी त्याची ओळख. तळियेच्या लोकांनी त्याला याआधी किती वर्षं तसाच पाहिला असेल.

त्याचा स्वभाव बदलण्याचं एक कारण समुद्रात आहे. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत तापत चालला आहे आणि हवा एक अंशानं तापली की तिची वाफ धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आणि त्यांना लागणारी वाफ मुख्यतः अरबी समुद्र पुरवतो. एकूण पाऊस वाढला असं मात्र झालं नाही. ओढ लांबते आणि मग जो पडतो तो एकदम पडतो. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूनं जमिनीवर आलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पण चक्रीवादळाला निदान नाव असतं, नकाशावर त्याची वाट दिसते. शिवथरसारख्या खोऱ्यावर रात्री तीन तास थांबणाऱ्या ढगाला नाव नसतं.

ज्यांच्या किनाऱ्यावर जग सुट्टीसाठी जातं, त्यांनाही हे आता कळलं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया प्रांतात तुरीस नावाच्या गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तुरीस किनाऱ्यावर नाही, आत डोंगरांच्या बाजूला आहे, द्राक्षमळ्यांचं गाव. त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राचं पाणी विक्रमी तापलं होतं. पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली, कित्येक अशा गावांत जिथं त्या दुपारी पाऊस फारसा पडलाही नव्हता. पाणी वरून, ओढ्यांतून आलं. ही बातमी वाचताना मला सतत बिरवाडी दिसत होती.

शिवथरला यावं, जरूर यावं. अश्विनात यावं, जेव्हा भात पिवळं पडू लागतं, धबधब्याला अजून जोर असतो आणि खडकांवरचं शेवाळ वाळायला लागलेलं असतं. तेव्हा ऊन कडक असतं, समुद्र दुसऱ्यांदा तापत असतो आणि दुपारचा एखादा परतीचा ढग गडगडून जातो. माघात दासनवमीला यावं, पहाटे खोऱ्यात धुकं साचलेलं असतं आणि घळीत बोललेलं ऐकू येतं. आणि आषाढातच यायचं असेल तर हवामान खात्याचा इशारा पाहावा, तिथी पाहावी, हरिहरेश्वरच्या भरतीची वेळ पाहावी. रायगडला लाल इशारा असेल आणि अमावास्या-पौर्णिमा तोंडावर असेल, तर येऊ नये. त्या दिवशी इथल्या रस्त्याची, पुलांची आणि माणसांची गरज इथल्याच लोकांना लागते.

बिरवाडीच्या नाक्यावर एक फलक हवा, असं मला कित्येक दिवसांपासून वाटतं. मोठ्या अक्षरांत, रोज बदलणारा. त्यावर तीन ओळी पुरेत: काल महाबळेश्वरला किती पाऊस झाला, आज बाणकोटच्या खाडीत भरती किती वाजता आणि किती मीटर, आणि अरबी समुद्राचं पाणी आज किती अंशांवर आहे. शाळेत जाणारी मुलं तो रोज वाचतील. दोन पावसाळ्यांत त्यांना या तीन आकड्यांचा मेळ तोंडपाठ होईल आणि कोणत्या रात्री घरच्यांना उतारावरच्या घरातून उठवून देवळात न्यायचं, हे ती कोणाच्याही आधी सांगतील.