सामना संपल्यावरचं मैदान

जून 2024च्या टी-20 क्रिकेट विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळच्या आयझेनहॉवर पार्कात 34 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम काही महिन्यांत उभं राहिलं. खेळपट्ट्या ॲडलेडच्या जाणकारांनी फ्लोरिडात वाढवल्या आणि ट्रकवर लादून आणल्या. तिथल्या पहिल्याच सामन्यात श्रीलंका 77 धावांत गारद झाली, आणि पुढे भारताच्या 119 धावाही पाकिस्तानला झेपल्या नाहीत. चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नव्हता. खेळपट्ट्या हव्या तितक्या एकसारख्या वागल्या नाहीत, हे आयसीसीनेही मान्य केलं. 12 जूनला तिथला आठवा आणि शेवटचा सामना संपला आणि लगेच गॅलऱ्या उतरवायला सुरुवात झाली. खानदेशातल्या पहूरच्या काळ्या जमिनीत राबणाऱ्याला खेळपट्ट्यांच्या या लहरीपणाचं नवल वाटणार नाही. चिकट माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिला बसायला वेळ द्यावा लागतो. खेळाचंही तसंच असावं. सामना संपल्यावर जी जमीन जागेवर उरते, तिच्यावरच खेळ रुजतो.

अमेरिकेला क्रिकेट नवं, असं आपण म्हणतो. पण देशादेशांतला पहिला सामना अमेरिका आणि कॅनडा यांच्यात 1844 साली न्यूयॉर्कमध्येच झाला. पुढे तो देश बेसबॉलने व्यापला. त्याची कारणं अनेक असतील, पण 180 वर्षांनी क्रिकेटला तिथे उपऱ्यासारखं जागा शोधत यावं लागलं, हे खरं. मुंबईत उलट घडलं. 1848मध्ये पारशांनी ओरिएंटल क्लब काढला तेव्हा इथेही हा खेळ नवाच होता. 1880च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पोलोचे घोडे मैदान उखडू लागले, तेव्हा पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मुंबईच्या क्रिकेटचं श्रेय फलंदाजांना खूप मिळालं. या अर्जदारांना फार थोडं.

कुणी म्हणेल, मैदानाचं एवढं काय? माणसं हवीत. दाखला म्हणून सौरभ नेत्रावळकर पुढे करता येईल. मुंबईकडून रणजी खेळलेला हा अभियंता शिकायला अमेरिकेत गेला आणि 6 जून 2024ला डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीत अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून त्याने पाकिस्तानला हरवलं. पण तो घडला मुंबईत, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी राखलेल्या परंपरेत. आणि ग्रँड प्रेअरीचं स्टेडियम तरी कुठलं? बेसबॉलचं जुनं, क्रिकेटसाठी बदललेलं. ते जागेवर राहिलं, म्हणून 2023पासून तिथे क्रिकेटची लीगही खेळली जाते.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: खेड्यातली पोरं पऱ्हाटी उपटलेल्या वावरातही खेळतात, त्यांना राखीव जागा कशाला? खेळतात, हे खरं. पण मृगाआधी वावर वखरलं की खेळ थांबतो. शिवाय दुसऱ्याच्या वावरात, मालकाच्या मर्जीवर, मुली सहसा खेळायला येत नाहीत. हक्काची, सगळ्यांची जागा असेल तरच त्या येतील. रस्ता रुंद झाला, वस्ती वाढली की गावातल्या मोकळ्या जमिनीचे भाव चढतात आणि एकदा बांधकाम झालेली जागा मैदान म्हणून परत मिळत नाही. म्हणून पहूरच्याच नव्हे, खानदेशातल्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने स्टेडियम मागण्याआधी दोन-तीन एकर सपाट जमीन खेळासाठी नावानिशी राखावी आणि तसा ठराव याच वर्षी करावा.